माशी ते लाल ठिपका : टर्कीच्या शिकारीतील नेमाची पार्श्वभूमी

छर्ऱ्याच्या बंदुकीने नेम धरायचा नसतो, ती नुसती रोखायची असते, असे उडती पाखरे टिपणारे शिकारी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. नळीच्या टोकावरचा पितळी मणी, म्हणजे ज्याला मराठीत माशी म्हणतात तो, डोळ्याला ओझरता जाणवला तरी त्यांचे काम भागते. अमेरिकेतील रानटर्कीची वसंतातली शिकार मात्र या नियमात बसत नाही. तिथे शिकारी झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून निश्चल बसतो, मादीच्या आवाजाची नक्कल करून नराला जवळ बोलावतो आणि जमिनीवर उभ्या असलेल्या त्या पक्ष्याच्या डोक्यावर व मानेवर बार टाकतो. दाट पिसांनी आणि जाड स्नायूंनी झाकलेल्या छातीवर टाकलेला बार पक्ष्याला बहुधा नुसता जखमी करतो. लक्ष्य इतके लहान असल्यामुळे ही बंदूक इथे रायफलीसारखीच वापरावी लागते.

म्हणूनच या बंदुकीवर आता माशीच्या जोडीला लाल ठिपका, म्हणजे छोट्या काचेत प्रकाशाचा ठिपका दाखवणारे नेमसाधन, बसवले जाते. त्याचे तत्त्व मुळात शिकारीसाठी शोधलेले नव्हते. डब्लिनचे दुर्बीण-निर्माते हॉवर्ड ग्रब यांनी 1900 साली अशा नेमसाधनाचे पेटंट घेतले, ज्यात पारदर्शक काचेवरून परावर्तित झालेली खूण दूरच्या लक्ष्यावरच उमटल्यासारखी दिसते आणि डोळा थोडा इकडेतिकडे सरकला तरी नेम फारसा ढळत नाही. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांत हेच तत्त्व सर्रास वापरले गेले. पुढे 1975 मध्ये स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने एलईडी आणि बॅटरीवर चालणारे, बंदुकीवर बसवण्याजोगे साधन बाजारात आणले, आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी लष्कराने त्याच कंपनीचे साधन स्वीकारल्यावर ते तिथल्या सामान्य बंदूकधारकांच्याही ओळखीचे झाले.

दरम्यान पक्ष्याची कहाणी वेगळ्याच वाटेने चालली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे रानटर्की अनेक राज्यांतून नाहीशी झाली होती. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. 1950 च्या दशकात तोफेसारख्या नळ्यांतून फेकलेल्या जाळ्यांनी रानातले पक्षी जिवंत पकडून नव्या जागी सोडण्याचे तंत्र रुळले. आणि 1973 मध्ये राष्ट्रीय रानटर्की महासंघ स्थापन झाला. आज अलास्का वगळता सर्व राज्यांत टर्कीचा हंगाम असतो. ही शिकार फैलावली तशी तिच्यासाठी खास बंदुका बनवण्याइतकी बाजारपेठ उभी राहिली.

खरा बदल घडवला तो छर्ऱ्यांनी. नळीचे तोंड अधिकाधिक आवळणारे चोक आले, 1988 मध्ये साडेतीन इंची बारा बोअरचे काडतूस आले, आणि नंतर शिशाच्या जागी टंगस्टनचे मिश्रधातू आले. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला 11.3 ग्रॅम, तर टीएसएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टंगस्टन छर्ऱ्यांची सुमारे 18. त्यामुळे जेमतेम 2 मिलिमीटर व्यासाचा, 9 क्रमांकाचा छर्राही 40 यार्डांवर पुरेसा भेदक राहतो आणि एका काडतुसात असे कितीतरी अधिक छर्रे मावतात. 2018 मध्ये फेडरल कंपनीने अशी तयार काडतुसे विक्रीस आणली. मात्र आवळलेल्या झोताची दुसरी बाजू अशी की, पक्षी 15-20 यार्डांवर आला की छर्ऱ्यांचा पसारा अगदी लहान असतो, आणि पूर्वी पसाऱ्यात खपून जाणारी चूक आता सरळ हुकलेला बार ठरते.

ही चूक बहुधा गालापाशी होते. पक्षी अनपेक्षित बाजूने आला की वाकड्या अंगाने बंदूक वळवताना गाल दस्त्यावरून उचलला जातो, आणि नुसत्या माशीवर नेम असेल तर नळीच्या मागच्या बाजूला जुळवायला दुसरी खूण नसते, डोळाच तिचे काम करतो, त्यामुळे डोळा वर गेला की बारही वरून जातो. बंदुकीवर बसवलेल्या दुर्बिणीने हा दोष कमी होई, पण तिचे दृश्यक्षेत्र अरुंद, आणि जबर धक्क्याच्या काडतुसांबरोबर भुवईलाही धोका. लाल ठिपका काहीच मोठे करून दाखवत नाही, डोळा ठरावीक अंतरावर ठेवायला लावत नाही, आणि वयामुळे ज्यांना माशी व लक्ष्य एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत त्यांना फक्त लक्ष्याकडे पाहू देतो. हा लेझर नव्हे. ठिपका पक्ष्यावर पडत नाही, तो फक्त नेम धरणाऱ्यालाच दिसतो. नराचे डोके स्वतःच लाल, पांढरे आणि निळे असते, त्यामुळे तिथे लाल ठिपकाच वापरावा हा योगायोग मला थोडा गमतीचा वाटतो.

सुरुवातीला ही साधने उंच बैठकीवर बसवावी लागत आणि गाल टेकायला जागाच उरत नसे. पिस्तुलांसाठी घडवलेली, काही तोळे वजनाची उघड्या काचेची साधने आल्यावर आणि मॉसबर्ग या अमेरिकी कंपनीच्या 940 प्रो मालिकेसारख्या बंदुकांत कारखान्यातच त्यांच्यासाठी खाच कोरली जाऊ लागल्यावर ही अडचण बरीच मिटली. बॅटरी संपणे, काचेवर दव साचणे, पहाटेच्या अंधुक उजेडात ठिपका डोळे दिपवण्याइतका प्रखर असणे या तक्रारी अजून आहेत, आणि म्हणूनच नळीच्या टोकावरची माशी कारखानदारांनी काढून टाकलेली नाही.