पॅनल्यूकोपेनिया, मांजरांतील

मांजर व मार्जार कुलातील वाघ, सिंह आदी प्राण्यांना होणारा तीव्र, अतिसांसर्गिक विषाणुजन्य रोग. मांजर पाळणाऱ्यांत तो ‘मांजरांचा पार्व्हो’ म्हणून ओळखला जातो (पार्व्हो हा अतिसूक्ष्म विषाणूंचा एक गट). ‘फेलाइन डिस्टेंपर’ हे जुने नाव दिशाभूल करणारे आहे, कारण कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू वेगळ्याच गटातील आहे. रोगाचे कारण विषाणू असल्याचे व्हर्ज व क्रिस्टोफोरोनी यांनी १९२८ मध्ये दाखविले.

याच्याशी निगडित असा वादाचा मुद्दा म्हणजे १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेल्या कुत्र्यांच्या पार्व्होचा उगम. मांजरांच्या व कुत्र्यांच्या या विषाणूंच्या कवचातील प्रथिनांत मोजक्याच ॲमिनो अम्लांचा फरक आहे. मांजरांच्या लसीतील विषाणूपासून कुत्र्यांचा विषाणू निर्माण झाला असावा, असे एक मत पूर्वी मांडले गेले. मात्र त्याला पुष्टी मिळाली नाही. मांजरांच्या विषाणूपासून किंवा त्याच्या निकटच्या विषाणूपासून, बहुधा वन्य मांसाहारी प्राण्यांमार्फत, तो उद्भवला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कुत्र्यांतील मूळ प्रकार मांजरांत वाढत नसे. नंतरचे २अ, २ब व २क हे प्रकार वाढतात. त्यामुळे घरात पार्व्हो झालेले कुत्रे असल्यास लस न घेतलेल्या मांजरालाही धोका असतो.

विषाणू आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा अशा ठिकाणच्या झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. म्हणून उलट्या-जुलाब होतात व रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात. गर्भात किंवा जन्मल्यानंतर लगेच लागण झाल्यास पिल्लाच्या लहान मेंदूची (मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागाची) वाढ खुंटते. असे पिल्लू आयुष्यभर झोकांड्या खाते. पण ते एरवी निरोगी राहू शकते.

लक्षणे संसर्गानंतर साधारणतः २ ते १० दिवसांत दिसतात. सुस्ती, अन्नावरची वासना उडणे, ४० से. वर ताप व पिवळसर उलट्या ही सुरुवात. मांजर पाण्याच्या भांड्यापाशी मान टाकून बसते, पण पीत नाही. ही खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जुलाब नंतर लागतात, कधी लागतही नाहीत. ते नाहीत म्हणून रोग नाही, असे समजणे घातक ठरते. काही पिल्ले बारा तासांच्या आत दगावतात, तेव्हा विषबाधेचा संशय घेतला जातो. ताप उतरून अंग गार पडणे हे अतिशय वाईट चिन्ह होय.

निदानासाठी रक्ततपासणी करतात. कुत्र्यांच्या पार्व्होचे विष्ठा-तपासणी संचही वापरतात. परंतु नकारात्मक निष्कर्षाने रोग नसल्याचे सिद्ध होत नाही. विषाणूवर हमखास औषध नाही. सलाईन, उलटीरोधक औषधे व दुय्यम संसर्गासाठी प्रतिजैविके देतात. माणसाला हा रोग होत नाही, मात्र कपडे व चपलांवरून विषाणू घरात येऊ शकतो.

खोलीच्या तापमानाला विषाणू वर्षभर टिकू शकतो. अल्कोहोल त्याच्यावर निष्प्रभ ठरते. जागा आधी धुऊन मग पातळ केलेले ब्लीच दहा मिनिटे ठेवावे लागते. पिल्लांना ६ ते ८ आठवड्यांपासून दर ३-४ आठवड्यांनी, १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत लस देतात. जिवंत विषाणूची लस गाभण मांजरीला व ४ आठवड्यांखालील पिल्लांना देत नाहीत.