शेकोटीशेजारचा दोर: इंग्लिश हवेल्यांतली आग आणि घंटा

इंग्लंडमधल्या जुन्या ग्रामीण हवेल्यांत फायरप्लेसच्या, म्हणजे भिंतीतल्या शेकोटीच्या, बाजूला पितळी मूठ किंवा गोंड्याचा दोर दिसतो. नोकराला बोलावण्याची घंटा तिथून वाजे. हिवाळ्यात घरची माणसं आगीपाशीच बसत आणि कोळसा घालायलाही नोकरच लागे, म्हणून जागा हीच.

मध्ययुगात अशा दोराची गरज नव्हती. आग मोठ्या दालनाच्या मधोमध पेटे, धूर छपरातल्या झरोक्यातून जाई, आणि धनी व चाकर त्याच दालनात वावरत. सोळाव्या शतकात विटांची धुराडी वाढली, खोलीखोलीत शेकोटी आली. १६६२ मध्ये सरकारने दर शेकोटीमागे वर्षाला २ शिलिंग कर बसवला. तो १६८९ मध्ये उठला.

लाकडाऐवजी कोळसा आल्यावर उंच लोखंडी जाळी आली, कारण कोळशाला खालून हवा लागते. शेकोटीचं तोंड मात्र ओंडक्यांच्या मापाचंच राहिलं. खोलीतली ऊबदार हवा धुराड्यात ओढली जाई आणि धूर परत खोलीत येई. बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड याने १७९६ मध्ये त्यावर उपाय मांडला: धुराड्याचा गळा ४ इंचांवर आणायचा, मागची भिंत तोंडाच्या एक तृतीयांश रुंद, शेकोटी आतही तेवढीच खोल, आणि बाजूच्या भिंती मागच्या भिंतीशी १३५ अंशांत तिरप्या. तापलेल्या तिरप्या भिंती उष्णता खोलीत फेकतात. जुन्या घरांत हे बदल अनेक ठिकाणी नुसत्या विटा रचून करता आले, म्हणून ही सुधारणा मला फार मोलाची वाटते.

घंटेची गोष्ट याच काळातली. आधी हातात धरायची घंटा असे. ती ऐकू यावी म्हणून कुणीतरी दाराबाहेर ताटकळत बसे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तारेच्या घंटा रुळल्या आणि नोकर तळघरातल्या कामाच्या खोल्यांत गेले. मूठ ओढली की भिंतीतल्या नळीतून गेलेली तांब्याची तार सरके. तार नुसती ओढता येते, वळवता येत नाही. म्हणून प्रत्येक वळणावर काटकोनी पितळी तरफ बसवत. शेवटी तळघरातल्या फळ्यावर, गुंडाळलेल्या पोलादी पट्टीवर घंटा हिंदकळे. कोणती वाजली हे खाली लटकलेला लंबक सांगे, कारण आवाज थांबल्यावरही तो काही वेळ हलत राही. घंटांचे आकार वेगवेगळे असत, त्यामुळे सरावलेला कान फळ्याकडे न पाहताही खोली ओळखे.

दुखणी सगळी तारेची. वर्षानुवर्षं ओढून ती लांबते. मग मूठ हलते, घंटा नाही. तरफा जितक्या जास्त, तितकं घर्षण जास्त. तार तुटते ती बहुतेक तरफेच्या भोकापाशी. तरफेला जाड तेल दिलं की धूळ चिकटून ती जाम होते. अडलेली मूठ जोराने ओढू नये. आधी तळघराच्या बाजूने तार सोडवून एकेक तरफ हलवून पाहावी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विजेच्या घंटा आल्या. जॉर्ज लक्लांशेचा १८६६ चा सेल, म्हणजे नवसागराचं पाणी, जस्ताची कांडी, कार्बन आणि मँगनीज डायऑक्साइड, यासाठी अगदी योग्य: सतत वापरला तर दमतो, पण थांबून थांबून वाजणाऱ्या घंटेला पुरतो.

शेकोटी पुन्हा पेटवणाऱ्यांनी आधी धुराडं तपासावं. आतला लेप चुना आणि शेणाचा असे. तो झडला की धूर विटांच्या सांध्यांतून वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत शिरतो. जॅकडॉ पक्ष्यांच्या काटक्यांच्या घरट्यांनी तोंड बुजलेलं असतं. बंद धुराड्यात काजळी ओलावा शोषते आणि भिंतीवर पिवळट-तपकिरी डाग उमटतात. वर कितीही रंग दिला तरी ते परत येतात.