‘थुंकी निगेटिव्ह’ आली, तरी बेडका का पडतो?

“थुंकी निगेटिव्ह आली, आता काही नाही.” यवतमाळ-गडचिरोलीकडे टीबी होऊन गेलेल्या माणसाच्या घरी हे वाक्य सर्रास कानी पडतं. गोळ्यांचा कोर्स पुरा झालेला असतो, पण रोज सकाळी पिवळा-हिरवट बेडका पडतच राहतो.

यामागे अनेकदा ब्राँकिएक्टेसिस असतो. टीबीने किंवा जुन्या न्यूमोनियाने श्वासनलिका कायमच्या रुंदावतात, कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस निकामी होतात आणि साचलेल्या कफात जंतू ठाण मांडतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,१९५ भारतीय रुग्णांच्या अभ्यासात टीबी हेच सर्वांत जास्त आढळलेलं कारण होतं.

सीबीनॅट यंत्र फक्त टीबीच्या जंतूची जनुकं शोधतं. स्यूडोमोनास किंवा हिमोफिलससारखे दुसरे जंतू छातीत कितीही माजले तरी ते त्याला दिसत नाहीत. त्यासाठी चिठ्ठीवर ‘कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी’, म्हणजे जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते पाहणारी तपासणी, लिहिलेलं हवं.

पण सगळं काही नमुन्याच्या डबीत काय पडलं यावर ठरतं. प्रयोगशाळेत आधी थेंबभर नमुना काचेवर पसरून, रंगवून पाहतात. गालाच्या आतल्या अस्तराच्या मोठ्या चपट्या पेशी भरपूर दिसल्या, तर ती नुसती लाळ. सूक्ष्मदर्शकाच्या एका दृश्यक्षेत्रात अशा पेशी १० पेक्षा कमी आणि पू-पेशी २५ पेक्षा जास्त असल्या, तर नमुना छातीतून आलेला, असा एक प्रचलित निकष आहे. लाळेवर कल्चर लावलं की तोंडातलेच जंतू उगवतात.

म्हणून सकाळी उठल्यावर, खर्रा तोंडात टाकायच्या आधी, साध्या पाण्याने खळखळून चूळ भरा. बाहेर मोकळ्यावर, माणसांपासून लांब जा. दोन-तीनदा खोल श्वास घ्या, मग छातीतून खोकून आलेला घट्ट बेडका डबीत टाका.

पुढचा शत्रू ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर आणि डबी एसटीत, मांडीवरच्या पिशवीत. अनुकूल उबेत काही जिवाणू दर २० मिनिटांनी दुप्पट होतात. त्या वेगाने चार तासांत एकाचे चार हजारांवर! हिमोफिलस मात्र नाजूक. त्याला वाढायला रक्तातले दोन विशिष्ट घटक लागतात आणि वाटेतच तो मरून जातो. मग खरा गुन्हेगार गायब आणि तोंडातल्या उपऱ्यांची गर्दी, असा रिपोर्ट हातात पडतो. नमुना दोन तासांत पोचवा. जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवून, बर्फाच्या पिशवीसोबत पाठवा. गोठू मात्र देऊ नका.

अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना द्या. दम फार लागत असेल किंवा रक्त पडत असेल, तर थांबू नका, आधी दवाखाना गाठा. छातीवर डागण्या देऊन किंवा मोबाईलवर विकल्या जाणाऱ्या ‘फुप्फुस साफ करणाऱ्या’ काढ्याने रुंदावलेली नलिका पूर्ववत होत नाही. त्यात जाणारे महिने रुग्णाला महागात पडतात, याची मला चीड येते.

थुंकीच्या पट्टीवर टीबीसारखे जंतू दिसले आणि सीबीनॅट निगेटिव्ह आलं, तर टीबीच्या कुळातले पण टीबी नसलेले जंतू असू शकतात. त्यांचं कल्चर वेगळं, त्याला सहा-आठ आठवडेही लागतात. दीर्घकाळ घ्यायचं अँटिबायोटिक अ‍ॅझिथ्रोमायसिन सुरू करण्याआधी ही तपासणी झाली का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आणि कल्चरच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल फ्लोरा’ (तोंडा-घशातले नेहमीचे जंतू) एवढंच आलं, तर नमुना लाळेचा होता का तेही विचारा. तसं असेल तर दुसऱ्या दिवशी नवी डबी मागून घ्या.