भोकांचा झगा

कापडाच्या दुकानात जाऊन अर्धा मीटर नायलॉनची नेट मागा. गॅदरिंगमध्ये परी होणाऱ्या मुलींचे झगे शिवतात तीच, अंगाला टोचणारी. घरी आणून भिंगाखाली धरा. पैसे कापडाचे मोजले, पण त्यात धागा थोडा आणि भोकंच जास्त! आता कात्रीने एक कड कापा. सुती कापड असतं तर लगेच दशा सुटल्या असत्या. इथे धागा सुटत नाही, कारण जाळीतले धागे एकमेकांना विळखा घालून बसलेले असतात. त्यामुळे कड दुमडून शिवावी लागत नाही आणि काठाला शिवणीचं ओझं येत नाही.

बॅले नर्तकीच्या कमरेभोवती ताटासारखा आडवा उभा राहणारा जो झगा असतो, तो टूटू. तो शिवतात याच जातीच्या जाळीचा. त्याची जवळजवळ सगळी हकिकत या भोकांभोवती फिरते, त्यातली सगळ्यात वाईट घटनासुद्धा.

सुरुवातीला भोकं नव्हतीच. अठराव्या शतकाच्या आरंभी पॅरिस ऑपेरात नर्तकी दरबारी पोशाखातच नाचत: जमिनीला टेकणारा घेर, तो फुलवायला कमरेला सांगाडा, पायात टाचांचे बूट. १७२६ साली तिथे पहिल्यांदा रंगमंचावर आलेली मारी कामार्गो उड्यांत तरबेज होती. हवेत असताना पाय भराभर आलटून-पालटून एकमेकांवरून नेण्याची पुरुष नर्तकांची करामत ती सहज करी. पण झग्याआड ती दिसणार कुणाला? तिने झगा घोट्याच्या वर घेतला. १७३४ मध्ये मारी साले लंडनला सांगाडा टाकून देऊन साध्या मलमलीत नाचली. पोशाख हलका होऊ लागला, पण तो विरघळल्यासारखा दिसायला अजून वेळ होता.

त्यासाठी लागणारी जाळी नाचाच्या दुनियेबाहेरून आली. हाताने विणलेली जाळी ही श्रीमंतांची चैन होती. इंग्लंडमध्ये जॉन हीथकोटने १८०९ साली षटकोनी भोकांची जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि तो माल स्वस्त झाला. यंत्रांवर चिडलेल्या ल्युडाइट कामगारांनी १८१६ मध्ये त्याच्या लफबरोच्या कारखान्यातली ५५ यंत्रं फोडली. हीथकोट बिऱ्हाड उचलून डेव्हनमधल्या टिव्हर्टनला गेला आणि तिथे पुन्हा जाळी विणू लागला. आपली मच्छरदाणी याच जाळीची भावकी.

१२ मार्च १८३२ रोजी पॅरिस ऑपेरात ‘ला सिल्फीद’ हा बॅले झाला. त्यात मारी तालियोनी वनपरी होती. पोटरीपर्यंत येणारा, घंटेच्या आकाराचा, तलम पांढरा झगा तिने घातला होता. त्याच्या आरेखनाचं श्रेय युजीन लामी या चित्रकाराला देतात. या ऑपेरात १८२२ पासून गॅसचे दिवे होते. तलम पांढऱ्या थरांवर तो प्रकाश पडला की प्रत्येक थर थोडा उजेड विखुरतो आणि उरलेला आतल्या थराकडे सोडतो. झग्याची कड नेमकी कुठे संपते ते कळेनासं होतं.

ती तरंगते आहे असं वाटायचं, त्यामागे मात्र गतीचा हिशेब आहे. उडीत शरीराचा गुरुत्वमध्य ३० सेंटीमीटर वर गेला, तर हवेतला सगळा मुक्काम जेमतेम अर्ध्या सेकंदाचा. तालियोनी असली तरी यात सवलत नाही. पण तलम कापडाला वजन थोडं आणि हवेचा अडथळा भरपूर, म्हणून ते सावकाश उतरतं. पाय जमिनीला लागून गेलेले असतात, झगा अजून खाली येतच असतो. डोळा पायांवर विश्वास ठेवत नाही, झग्यावर ठेवतो.

आता त्या वाईट घटनेकडे. चूल पेटवताना लाकडं घट्ट रचत नाहीत, मध्ये हवा खेळावी म्हणून मोकळी रचतात. तलम सुती कापडाचे पाच-सहा थर एकावर एक, मध्ये हवाच हवा: याहून उत्तम जळण शोधूनही सापडणार नाही. ते कमरेला बांधून मुली उघड्या गॅसज्योतींशेजारी नाचत होत्या. १८४४ च्या डिसेंबरात लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टरचा झगा पेटला, तीन दिवसांत ती गेली.

उपाय तोवर माहीत नव्हता असं नाही. गे-ल्युसाक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२१ मध्येच दाखवून दिलं होतं की अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार यांच्या द्रावणात बुडवलेलं कापड भडकत नाही. फॉस्फेट तापलं की त्यातून आम्ल सुटतं आणि ते कापसातल्या सेल्युलोजमधलं पाणी काढून घेतं. मग कापडाचा कोळसा होतो, पण ज्वाला धरणारे वायू फारसे निघत नाहीत. १८५९ मध्ये फ्रान्समध्ये रंगमंचावरचे पोशाख असे प्रक्रिया करून वापरण्याचा हुकूमही निघाला. अडचण अशी की प्रक्रिया केलेलं कापड कडक होई, मळकट दिसे आणि तरंगत नसे.

एमा लिव्री ही तालियोनीची लाडकी शिष्या. तिने तो झगा घालायला साफ नकार दिला. १८६० मध्ये तालियोनीने खास तिच्यासाठी ‘ल पापियों’ हा बॅले बसवला होता. त्यात ती फुलपाखरू होती आणि मशालीवर तिचे पंख जळतात असा प्रसंग होता. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी दुसऱ्याच एका प्रयोगाच्या तालमीत बसण्याआधी तिने झगा चुरगळू नये म्हणून वर उचलून झटकला. त्या झोताने शेजारची ज्योत उसळली. आठ महिने यातना सोसून जुलै १८६३ मध्ये ती वारली, वयाच्या विसाव्या वर्षी. तो रासायनिक झगा सुरक्षित खरा, पण कुरूप, असंच तिचं अखेरपर्यंत मत होतं. याला हट्ट म्हणणं सोपं आहे. मला मात्र राहून राहून वाटतं की जिची सगळी कमाई हलकं दिसण्यावर होती, तिच्यापुढे ही निवड ठेवलीच कशी? दिवे झाकणं कुणाच्या हातात होतं? १८८१ मध्ये लंडनचं सॅव्हॉय नाट्यगृह विजेच्या दिव्यांनी उजळलं आणि त्यानंतर हळूहळू हा धोका रंगमंचावरून उतरला.

‘टूटू’ हा शब्द छापील फ्रेंचमध्ये दिसू लागतो तोही त्याच सुमारास. फ्रेंच लहान मुलं ढुंगणाला जो शब्द वापरतात, त्याचंच हे रूप असं बहुतेक कोशकार मानतात. एवढ्या सोज्वळ पोशाखाचं हे मूळ!

तोवर झगा गुडघ्याच्या वर सरकू लागला होता. इटालियन नर्तकींचं गिरक्यांचं तंत्र जोरात होतं. १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेलेल्या व्हर्जिनिया झुक्कीने तिथला लांबीचा नियम धुडकावून आखूड झगाच घातला. १८९३ मध्ये त्याच शहरात पिएरिना लेन्यानीने एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या. अशा वेळी गुडघा आणि मांडी दिसायलाच हवी.

गंमत अशी, की झगा आखूड केल्याबरोबर तो उभा राहायला लागला. एका टोकाला धरलेली पट्टी स्वतःच्या वजनाने किती वाकते हे तिच्या लांबीच्या चौथ्या घातावर ठरतं. लांबी निम्मी केली की झुकणं सोळाव्या हिश्श्यावर येतं. पट्टी फार झुकत असेल तर हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही, पण कल बदलत नाही. म्हणून तीच जाळी पोटरीपर्यंत असली तर लोंबते आणि वीतभर असली तर ताठ राहते. त्यात शिवणारे तिला चुण्या घालतात. सपाट पत्रा वाकतो आणि नागमोडी पन्हाळी पत्रा छपराचा भार पेलतो, तसंच हे. दहा-बारा थर, सगळ्यात खालचा सर्वांत आखूड, प्रत्येक थर वरच्याला टेकू देणारा. मग सगळे थर सैल टाक्यांनी एकमेकांत अडकवायचे. टाका घट्ट ओढला की झगा चेपला जातो. हे काम हातानेच करतात.

पुढे आतल्या थरात तारेचं कडं घालून झगा थाळीसारखा सपाट केला. एकटीला तो शोभतो. पण तारेचं कडं एका बाजूला टेकलं की दुसरी बाजू उचलली जाते, आणि रंगमंचावर चाळीस-पन्नास जणी असतील तर सगळीकडे थाळ्या डुलू लागतात. नृत्यदिग्दर्शक बॅलन्शीनच्या ‘सिम्फनी इन सी’ या बॅलेसाठी वेशभूषाकार बार्बरा कारिन्स्का यांनी १९५० मध्ये कडं काढूनच टाकलं. जाळीचे सहा-सात आखूड थर भरगच्च चुण्या घालून शिवले आणि फक्त कमरेशी बांधले. पावडर लावायच्या पफसारखा तो फुलला. धक्का लागला तर दबतो आणि लगेच पूर्ववत होतो.

झगा घामाने भिजतो, आणि रोज पाण्यात बुडवला तर ताठपणा जातो. म्हणून कित्येक बॅले कंपन्यांच्या कपडेपटात वोडकाची फवारणी करतात. मद्यार्क वासाचे जिवाणू मारतो आणि डाग न ठेवता उडून जातो. मग झगा उलटा टांगायचा, चोळी खाली आणि जाळी वर. दिवसभर खाली ओढली गेलेली जाळी रात्रभर उलट दिशेने ओढली जाते.