अटॅचमेंट स्टाइल आली कुठून? चोर पोरं, माकडं आणि पेपरातला एक फॉर्म

हल्ली सोलापुरातपण कॉलेजच्या कट्ट्यावर "मी अँक्शस आहे, तो अव्हॉयडंट आहे" असलं बोलणं कानावर येतं. रील्सची कृपा. म्हणजे मला सारखी सोडून जाण्याची धास्ती, तो जवळीक टाळणारा. रक्तगट सांगावा तसं पोरं आपली अटॅचमेंट स्टाइल, म्हणजे जवळच्या माणसांशी आपण कसे जोडले जातो ती तऱ्हा, सांगतात. पण हा विषय प्रेमाबिमासाठी सुरूच झाला नव्हता, आणि ज्या संशोधकांनी तो प्रेमाला लावला त्यांच्याच क्षेत्राने पुढच्या दहाबारा वर्षांत त्या कप्प्यांना रामराम ठोकला, हे काय रीलमध्ये येत नाही.

सुरुवात जॉन बोल्बीपासून. १९०७ चा जन्म, लंडनचं सुखवस्तू घर, तिथल्या त्या काळच्या पद्धतीप्रमाणे आई दिवसातून तासभर भेटायची, बाकी सगळं दाईकडे, आणि लळा लावलेली दाई हा चार वर्षांचा व्हायच्या आतच नोकरी सोडून गेली. पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाल्यावर त्याने ४४ चोऱ्या करणाऱ्या पोरांचा अभ्यास केला, तो १९४४ ला छापून आला. त्यातली १४ पोरं अशी होती की त्यांना कुणाबद्दल माया अशी वाटतच नव्हती, आणि त्या १४ पैकी १२ जण लहानपणी बराच काळ आईपासून तुटलेले होते. १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्याने रिपोर्ट लिहिला आणि "आईची माया" हा एकदम सरकारी धोरणाचा विषय झाला. १९५८ ला अमेरिकेत हॅरी हार्लोने माकडाच्या पिल्लांसमोर दोन खोट्या आया ठेवल्या, एक तारेची, दुधाची बाटली लावलेली, दुसरी मऊ कापडाची. पिल्लं दूध प्यायला तारेकडे जायची आणि बाकी सगळा वेळ कापडाला चिकटून बसायची. म्हणजे भूक भागवली की लळा लागतो, हा तोवरचा समज गेला. (ते प्रयोग क्रूर होते, आज कुठली एथिक्स कमिटी परवानगी देणार नाही.)

खरी मजा मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थची. नवऱ्याबरोबर लंडनला आली, पेपरातली जाहिरात बघून बोल्बीकडे कामाला लागली, मग नवऱ्याला युगांडात नोकरी मिळाली म्हणून तिकडं गेली आणि तिथं १९५४-५५ मध्ये कंपालाजवळच्या खेड्यांत २६ कुटुंबांच्या घरी जाऊन जाऊन आया आणि बाळं बघत बसली. तिथं बाळ एकट्या आईच्या अंगावर नसायचं, शेतावर काम असायचं, आजी, मावश्या, मोठी बहीण असा सगळा गोतावळा. मग अमेरिकेत बाल्टिमोरला परत २६ कुटुंबं घेऊन तिने तो प्रसिद्ध प्रयोग केला: वीसेक मिनिटं, अनोळखी खोली, आई दोनदा बाहेर जाते आणि परत येते. बाळ किती रडतं यापेक्षा आई परत आल्यावर ते काय करतं हे बघायचं. यातून सुरक्षित, टाळणारं आणि चिकटून-रागावणारं असे तीन प्रकार निघाले, १९७८ ला त्याचं पुस्तक आलं.

आता आपल्याकडचा विडीकामगाराचा संसार आठवा. आई सूप मांडीवर घेऊन हजार विड्यांच्या मागं, पोरगं आजीच्या नाहीतर थोरल्या ताईच्या कडेवर. एकच आई, एकच बाळ, बंद खोली, हे चित्रच आपलं नाही. १९८८ मध्ये दोन डच संशोधकांनी जगभरातले असले जवळपास २००० प्रयोग एकत्र करून पाहिले, ८ देश होते, भारत नव्हता. त्यांना देशादेशांत फरक दिसला, पण एकाच देशाच्या आतला फरक त्याच्या दीडपट निघाला.

मोठ्या माणसांकडे गाडी वळली ती पेपरामुळं. १९८५ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या एका दैनिकात सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी "लव्ह क्विझ" छापली, बाळांच्या त्या तीन प्रकारांवर बेतलेले तीन छोटे परिच्छेद आणि तुम्हाला लागू पडेल त्यावर खूण करा. आलेल्या उत्तरांतली ६२० तपासली, तर साधारण ५६ टक्के सुरक्षित, २५ टक्के टाळणारे, १९ टक्के चिंताग्रस्त. त्यावरचा शोधनिबंध १९८७ चा, आणि आज मोबाइलवर जे फिरतंय त्याचं मूळ हेच. स्वतःहून फॉर्म भरून पाठवणारे वाचक म्हणजे अख्खी माणूसजात नव्हे, हे त्यांनाही माहीत होतं.

पुढं स्टाइलशी जुळलेला दुसरा धागा म्हणजे कोपिंग, ताणाला तोंड देणं; हा तोवर वेगळाच संसार होता. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांचं १९८४ चं पुस्तक यातलं मुख्य. त्यांचं म्हणणं, ताण नुसत्या घटनेत नसतो, आपण ती घटना कशी तोलतो त्यात असतो, मग माणूस एकतर प्रॉब्लेमवर काम करतो नाहीतर मनावर. आपलं पाणीच घ्या की. चार-पाच दिवसांनी नळ येणार हे धरून बॅरल भरून ठेवणं हे पहिलं, आणि उजनीची पाइपलाइन फुटली की चिडचिड न करता शेजारणीशी गप्पा मारत टँकरची वाट बघणं हे दुसरं. जिथं हातात काहीच नाही तिथं दुसरं कमी प्रतीचं नसतं, हा मुद्दा मला फार पटतो. मानसिक स्वास्थ्य मोजायच्या पट्ट्याही त्याच सुमाराच्या, डीनरची ५ प्रश्नांची १९८५ ची, कॅरल रिफची सहा अंगांची १९८९ ची.

हे धागे जुळले त्यात युद्धाचाही हात आहे. १९९१ च्या आखाती युद्धात इस्रायलवर इराकी क्षेपणास्त्रं पडली, त्यानंतर मारिओ मिकुलिन्सर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना विचारलं. सुरक्षित स्टाइलवाले आधार मागत होते, चिंताग्रस्त भावनांतच गुरफटत होते, आणि टाळणारे आपल्याला काही झालंच नाही असं दाखवत होते, पण शरीराच्या तक्रारी त्यांच्यात जास्त. तेव्हापासून स्टाइल, कोपिंग आणि स्वास्थ्य एकाच अभ्यासात मोजायची रीत पडत गेली.

तोवर कप्पे डळमळायला लागले होते. १९९१ ला तीनाचे चार झाले, आणि १९९८ मध्ये ब्रेनन, क्लार्क, शेव्हर यांनी हजारावर विद्यार्थ्यांकडून ३२३ वाक्यं भरून घेतली तर खाली फक्त दोन मापं निघाली, किती धास्ती आणि किती दूर राहणं. प्रत्येक माणूस दोन्हींवर कुठंतरी कमीजास्त. ३६ वाक्यांची ती प्रश्नावली अजून चालते, आणि लक्षात घ्या, शेव्हर तोच, लव्ह क्विझवाला. शिवाय मेरी मेनच्या टीमची लांबलचक मुलाखतीची पद्धत आहे, त्यात लहानपणाबद्दल माणूस कसं बोलतो ते बघतात. २००७ मध्ये प्रश्नावली आणि मुलाखत या दोन्ही पद्धतींचे निकाल ताडून पाहिले तर मेळ जवळजवळ नाहीच.

आपल्याकडं सायकॉलॉजीच्या पोरापोरींचे गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर येतात त्यात बहुतेकदा "जोडीदार" धरूनच प्रश्न असतात. महिन्यापूर्वी लग्न होऊन आलेली पोरगी त्यात काय भरणार, तिचा आधार अजून माहेरची बहीण असते. यावर २०११ मध्ये एक तोडगा निघाला, फ्रेली आणि सहकाऱ्यांची ९ वाक्यांची प्रश्नावली, जी आई, वडील, जोडीदार आणि जवळचा मित्र यांच्यासाठी वेगवेगळी भरायची. आजी, सासू, जाऊबाई यांचे रकाने त्यात नाहीत, ते आपल्याच कुणीतरी जोडून, तपासून बघायला पाहिजेत.