सवलतीतला व्हीआर हेडसेट घेताना आधी डोळ्यांचं माप घ्या

व्हीआर हेडसेट म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात वावरायचं यंत्र. मेटा कंपनीचा क्वेस्ट २ हा असा हेडसेट ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरला विकायला आला. ऑगस्ट २०२२ मध्ये तो ३९९ डॉलरचा झाला, पुढच्या वर्षी परत २९९ वर उतरला, २०२४ च्या सुरुवातीला २४९ वर आणि काही महिन्यांतच १९९ वर. त्याच वर्षी कंपनीने तो बंद करत असल्याचं सांगितलं. एवढी घसरलेली किंमत दिसली की ‘घेऊन टाकू’ असं वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे तर अमेरिकेतून सुट्टीवर येणारा भाऊ किंवा भाचा थँक्सगिव्हिंगच्या सेलमधून आणू का म्हणून विचारतो, आणि हो-नाही दोन दिवसांत सांगायचं असतं.

माझं म्हणणं असं, की या खरेदीत किंमत सगळ्यात शेवटी पाहावी. टीव्ही घरातल्या सगळ्यांना सारखाच दिसतो. हेडसेट मात्र ठरावीक चेहऱ्यावर बसतो, ठरावीक डोळ्यांसमोर दोन भिंगं धरतो, आणि कानाच्या आत तोल सांभाळणारं जे इंद्रिय आहे त्याच्याशी त्याची गाठ पडते. तिथे जमलं नाही तर निम्म्या किमतीतला हेडसेटही आठवडाभरात कपाटात जातो.

मूळ युक्ती जुनी आहे. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपला स्टिरिओस्कोप मांडला. उजव्या आणि डाव्या डोळ्याला एकाच वस्तूची किंचित वेगळी चित्रं दाखवली, तर मेंदू त्या फरकातून खोली उभी करतो, हे त्यांनी दाखवून दिलं. आजच्या हेडसेटमध्ये त्या चित्रांच्या जागी इलेक्ट्रॉनिक पडदे आहेत आणि पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवरच असल्यामुळे मध्ये जाड भिंगं लागतात. ज्यांना लहानपणापासून तिरळेपणा आहे किंवा एक डोळा आळशी आहे, त्यांना ही खोली बहुधा जाणवतच नाही. अशांनी आधी कुणाचा तरी हेडसेट लावून पाहावा.

भिंगाचा मध्य बरोबर बाहुलीसमोर यायला हवा. दोन बाहुल्यांमधलं अंतर चष्म्याच्या दुकानात पीडी म्हणून मोजतात. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं, पण ५५ किंवा ७० असणारे लोकही आहेत. घरी मोजायचं तर आरशासमोर वीतभर अंतरावर उभं राहा आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी भुवयांवर आडवी धरा. उजवा डोळा मिटून पट्टीचा शून्य डाव्या बाहुलीच्या मध्यावर आणा. आता पट्टी आणि डोकं न हलवता डावा मिटा, उजवा उघडा, आणि उजव्या बाहुलीच्या मध्यावर कोणता आकडा येतो ते वाचा. प्रत्येक डोळा आरशात स्वतःकडेच सरळ पाहत असल्यामुळे हे माप चांगलं विश्वासार्ह येतं. दोन-तीनदा मोजून पाहा.

या आकड्यावर बरंच काही ठरतं. क्वेस्ट २ आणि २०२४ मध्ये आलेला क्वेस्ट ३एस या दोन्हींत भिंगं फक्त तीन जागी सरकतात: ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर. क्वेस्ट ३ मध्ये चाक फिरवून मधल्या कुठल्याही मापावर थांबता येतं आणि ५३ ते ७५ मिलिमीटर पीडीच्या माणसांना तो चालतो, असं कंपनी सांगते. तुमचं माप ६३ असेल तर स्वस्त मॉडेलमध्ये तुमचं काहीच बिघडत नाही. ५४ असेल तर त्यातली कुठलीच जागा तुमची नाही. चित्र कडेला पुसट होतं, डोळ्यांवर ताण येतो आणि डोकं दुखतं. बायकांना व्हीआरमध्ये जास्त मळमळतं असं बरीच वर्षं म्हटलं जात होतं. के स्टॅनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याचं एक मोठं कारण हेच निघालं, की भिंगांमधलं अंतर त्यांच्या डोळ्यांना बसत नव्हतं. म्हणजे दोष ज्या शरीराच्या माथी मारला जात होता, तो यंत्राच्या मापात होता. घरातल्या बाईने हेडसेट दोन मिनिटांत काढून ठेवला तर ‘तुला जमत नाही’ म्हणण्याआधी तिचं पीडी मोजा.

भिंगाची जातही बघायला हवी. स्वस्त हेडसेटमध्ये फ्रेनेल भिंग असतं. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी बनवलं: जाड भिंगाचे गोल पट्टे कापून सपाट मांडलेले. त्यामुळे वजन वाचतं, पण काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की त्या पट्ट्यांच्या कडांवरून प्रकाश विखुरतो आणि अक्षरांभोवती झळाळीचे फराटे दिसतात. क्वेस्ट ३ मधलं पॅनकेक भिंग प्रकाशाला आतल्या आत पुढे-मागे परावर्तित करून थोड्या जागेत लांबचा प्रवास घडवतं. या खटाटोपात निदान तीन चतुर्थांश प्रकाश वाया जातो, पण चित्र कडेपर्यंत रेखीव राहतं. तुम्हाला वाचायचं असेल, संगणकाचा पडदा हेडसेटमध्ये आणून काम करायचं असेल, तर हा फरक जास्त पैसे मोजण्यासारखा आहे. फक्त खेळायचं असेल तर नाही.

‘घरच्या घरी थिएटर’ या आशेने हेडसेट घेणारे पुष्कळ आहेत, म्हणून एक हिशेब मांडते. चांगल्या नजरेच्या माणसाला एका अंशात साधारण ६० ठिपके वेगळे ओळखता येतात. तुमच्या बैठकीच्या खोलीतला ४३ इंची फुल एचडी टीव्ही सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. दोन मीटरवर बसलात तर तो डोळ्याला २७ अंशांचा कोन करतो, आणि त्यात १९२० ठिपके, म्हणजे अंशाला सत्तरच्या वर. नजरेला पुरून उरतील एवढे. क्वेस्ट ३ मध्ये अंशाला २५ ठिपके मिळतात आणि क्वेस्ट ३एस मध्ये २०. समजा हेडसेटमध्ये ६० अंश रुंदीचा भव्य पडदा उभा केला, तर ३एसवर त्या पूर्ण रुंदीत जेमतेम १२०० ठिपके येतात. पडदा मोठा, चित्र मात्र घरातल्या टीव्हीपेक्षा मऊ. शिवाय पाचशे ग्रॅमचं यंत्र कपाळावर घेऊन अडीच तास बसायचं, आणि बॅटरी साधारण तेवढीच टिकते. सिनेमासाठी म्हणून हेडसेट घेऊ नये, हे मी कुणालाही निःशंकपणे सांगेन.

डोळ्यांना थकवणारं आणखी एक कारण आहे, आणि ते महागड्या हेडसेटमध्येही सुटलेलं नाही. जवळची वस्तू पाहताना आपले डोळे आत वळतात आणि त्याच वेळी डोळ्यातलं भिंग जाड होऊन जवळचा फोकस साधतं. जन्मभर ही दोन कामं जोडीने होत आलेली असतात. हेडसेटमध्ये फोकस कायम एक ते दोन मीटरच्या दरम्यान एकाच ठिकाणी पक्का असतो. तिथे नाकासमोर फुलपाखरू आलं, तर डोळे आत वळतात पण फोकस लांबच ठेवावा लागतो. ही ओढाताण तास-दीड तासाने जाणवते. गंमत म्हणजे चाळिशीचा चष्मा लागलेल्यांना इथे थोडी सुटका मिळते: व्हीआरमध्ये हातात धरलेला कागदही फोकसच्या दृष्टीने लांबच असतो, त्यामुळे वाचायच्या चष्म्याविना तो बऱ्याच जणांना स्पष्ट दिसतो. लांबचा चष्मा मात्र लागतोच. तो घालून हेडसेट चढवायचा तर सोबत मिळणारी अंतर वाढवणारी चौकट आधी बसवा. काचेला काच घासली, तर प्लास्टिकच्या भिंगावर उठलेले चरे जात नाहीत.

आता मळमळीकडे वळू, कारण हेडसेट परत करण्याची वेळ बहुतेकांवर तिच्यामुळेच येते. घाटात मोबाइल बघत बसलं की गाडी लागते: कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना वळणं कळतात, डोळ्यांना पडदा स्थिर दिसतो, मेंदूला दोन साक्षींचा मेळ लागत नाही. व्हीआरमध्ये याच्या उलट होतं. डोळे धावत असतात आणि शरीर सोफ्यावर असतं.

यातला यंत्राचा भाग बराचसा सुटला आहे. डोकं हलल्यापासून नवं चित्र डोळ्यांपर्यंत पोचायला २० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागू नये, असा दंडक मानतात. सेकंदाला ९० चित्रं दाखवायची तर एका चित्राला ११ मिलिसेकंद मिळतात. म्हणून हेडसेट चित्र तयार झाल्यावर, ते दाखवायच्या अगदी शेवटच्या क्षणी डोक्याची दिशा पुन्हा तपासतो आणि चित्र तेवढं सरकवून देतो. शिवाय पडदा पूर्ण वेळ उजळत नाही. प्रत्येक चित्र क्षणभर चमकवून विझवतो, नाहीतर मान वळवताना सगळं फरफटल्यासारखं दिसलं असतं. इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्याबरोबर चित्र वळवणारं पहिलं यंत्र केलं, ते इतकं जड होतं की छताला टांगावं लागे. तिथपासून इथवरचा हा प्रवास मला खरोखर थक्क करतो.

खेळाचा भाग तुमच्या हातात आहे. ज्या खेळात तुम्ही स्वतःच्या पायांनी हलता, वाकता, हात फिरवता, तिथे डोळे आणि कान एकच गोष्ट सांगतात. हातातल्या कंट्रोलरची दांडी अंगठ्याने ढकलून पळायचं, विमान उडवायचं, रोलर कोस्टरवर बसायचं, तिथे भांडण जुंपतं. पहिले काही दिवस दहा-पंधरा मिनिटंच लावा आणि घाम किंवा जांभया सुरू झाल्या की लगेच काढा. नेट लावून सहन करू नका. सवय होण्याऐवजी हेडसेटचा वासही नकोसा होतो. काढल्यावर लगेच स्कूटरला किक मारू नका. फिट येण्याचा त्रास ज्यांना आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय याला हात लावू नये.

बाजारात काही शे रुपयांना मिळणारी, मोबाइल आत ठेवायची खोकी हा वेगळाच प्रकार आहे. गूगलने २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा असा चष्मा काढला आणि २०२१ मध्ये विकणं थांबवलं. मोबाइलला मान वळलेली कळते, पण तुम्ही पुढे झुकलात किंवा बाजूला सरकलात ते कळत नाही. सगळं जगच तुमच्याबरोबर सरकतं आणि पोटात ढवळतं. खऱ्या हेडसेटमधले कॅमेरे खोलीतल्या कडा आणि कोपरे ओळखून तुमची जागा सतत काढत असतात. खोक्यावर व्हीआर पाहून ‘हे काही खरं नाही’ असं मत करून घेऊ नका, आणि मुलांसाठी म्हणून तेही घेऊ नका.

त्या कॅमेऱ्यांना मात्र घर मानवायला हवं. साधारण दोन मीटर लांब-रुंद मोकळी जमीन हवी. पलंग आणि कपाट यांच्या मधल्या पट्ट्यात उभं राहून खेळता येत नाही. खेळण्याआधी हेडसेटमध्ये आखलेली मोकळ्या जागेची सीमा जमिनीवरची असते, छताचा पंखा तिच्या हिशेबात नसतो, आणि आपल्याकडच्या बुटक्या छतांच्या घरांत उंचावलेला हात पात्यापर्यंत सहज जातो. खेळताना पंखा बंद. आपली वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेतली ६० ची. तिकडून आणलेला हेडसेट ट्यूबलाइटखाली चाचपडू लागला तर सेटिंगमध्ये ट्रॅकिंगची, म्हणजे कॅमेऱ्यांनी तुमची जागा ओळखण्याची, वारंवारता ५० करून पाहा. आणि वापर झाल्यावर तो खिडकीत ठेवू नका. भिंगावर ऊन पडलं की ते पडद्यावर एकवटतं आणि थोड्याच वेळात कायमचा डाग पडतो. जुना हेडसेट घेताना पांढरं चित्र लावून हे डाग आधी शोधा. आपल्या पावसाळ्यात भिंगांवर बुरशीही धरते, ती टॉर्च मारून दिसते.

एवढं जमलं तर मग सवलतीकडे पाहा, आणि ती का दिली आहे ते शोधा. मायक्रोसॉफ्टने विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी ही संगणकाला जोडायच्या हेडसेटसाठीची आपली प्रणाली मोडीत काढत असल्याचं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं आणि विंडोज ११ च्या २०२४ मधल्या आवृत्तीतून ती काढूनच टाकली. एचपी, एसर, लेनोवो यांचे त्यावर चालणारे चांगले हेडसेट एका अपडेटने निकामी झाले. ते स्वस्तात दिसले तर हात लावू नका. पहिल्या क्वेस्टसाठी आता नवे खेळ येत नाहीत. सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर २ अमेरिकेत ५४९ वरून ३९९ डॉलरला आला, पण त्याला सोनीचंच प्लेस्टेशन ५ हे खेळाचं यंत्र लागतं, नाहीतर तगडा संगणक आणि त्यासाठी वेगळा अडॅप्टर. ६४ जीबीचा जुना क्वेस्ट २ कुणी देत असेल, तर चेहऱ्याला टेकणाऱ्या फोमवर सिलिकॉनचं आवरण आहे का विचारा. त्वचेला खाज येते म्हणून २०२१ मध्ये तो फोम परत मागवला गेला होता. आधीच्या मालकाने आपल्या खात्यातून यंत्र काढलं आहे, हे पैसे देण्याआधी समोर बसून पाहा. बाहेरून आणलेल्या यंत्राला इथे वॉरंटी मिळेल असं गृहीत धरू नका.

खात्याचा विषय निघालाच आहे तर खासगीपणाचंही सांगते. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये तालावर ठोकळे कापायच्या एका खेळातल्या पन्नास हजारांहून जास्त खेळाडूंच्या हालचाली तपासल्या. डोकं आणि हात कसे हलतात याच्या फक्त १०० सेकंदांच्या नोंदीवरून माणूस कोण ते ९४ टक्के वेळा ओळखता आलं. नाव बदललं तरी हात फिरवायची लकब बदलत नाही. मुलांना हेडसेट देताना हे लक्षात असावं. मेटाने वयाची अट २०२३ मध्ये १३ वरून १० वर आणली, सोनीची १२ आहे. माझ्या मते १२ हीच जास्त शहाणी अट आहे, कारण बऱ्याच लहान मुलांचं पीडी भिंगांच्या मापात बसत नाही.

मला विचाराल तर ज्यांचं पीडी तीन जागांपैकी एकीच्या जवळ आहे, घरात मोकळी जमीन आहे आणि ज्यांना घाम निघेपर्यंत खेळायचं आहे, त्यांनी सवलतीतला ३एस जरूर घ्यावा. पावसाळ्यात बाहेर पडता येत नाही तेव्हा घरातल्या घरात त्याने चांगला व्यायाम होतो. माप आडनिडं असेल किंवा वाचनाचं काम असेल तर क्वेस्ट ३ साठी थांबा. आणि कुठलाही घेतला तरी परत करायची मुदत किती दिवसांची आहे ते बिलावर पाहून, त्या दिवसांत घरातल्या प्रत्येकाने तो आपापल्या मापावर लावून, स्वतःच्या चष्म्यासकट, अर्धा तास वापरून पाहावा.