अतिवृष्टीची मदत: पंचनामा झाला, यादीत नाव आलं, तरी पैसे का अडतात?

पिकाच्या नुकसानीसाठी वेगळा अर्ज नसतो. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक वावरात येऊन पंचनामा करतात आणि यादी तहसीलला जाते. म्हणून त्या दिवशी धुऱ्यावर हजर राहा. सही करण्याआधी गट क्रमांक, पीक आणि बाधित क्षेत्र वाचून घ्या. नुकसान ३३ टक्क्यांपेक्षा कमी लिहिलं गेलं, तर काहीच मिळत नाही. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईल ॲपवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, हीही वेळेत करून ठेवा. सातबाऱ्यावर पीकच नसेल, तर वावरात सोयाबीन होतं हे सांगत बसावं लागतं.

२४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे अतिवृष्टी. पण तो मोजतात महसूल मंडळाच्या (काही गावांच्या गटाच्या) पर्जन्यमापकावर, तुमच्या गावात नाही. म्हणून नदीनाल्याचं पाणी शिरलं असेल, तर पंचनाम्यात कारण 'पूर' असंच लिहायला सांगा. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेला पूर आला तो वर मध्य प्रदेशात झालेल्या पावसानं, आणि बुडाल्या आपल्या पूर्व विदर्भातल्या धानाच्या बांध्या.

'७२ तास उलटले, आता काही मिळत नाही' असं म्हणून कितीतरी लोक घरीच बसतात. ती मुदत पीक विम्याच्या तक्रारीची होती, सरकारी मदतीची नाही. शिवाय खरीप २०२५ पासून राज्यात विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक वावरांत पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर गेली. विमा काढलेला नसला, तरी पंचनामा होतो.

सर्वात जास्त पैसे अडतात ते मयत खातेदाराच्या नावावर. वावर वाहते सून, सातबाऱ्यावर सासरा, आणि तो जाऊन वर्षं झालेली. नवराही गेलेला असेल, तर त्या बाईला दारोदार फिरवतात. कागद साधे आहेत: मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार, रेशन कार्ड. वारस फेरफारासाठी, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं लावण्यासाठी अर्ज आजच द्या, पुढच्या पुराची वाट पाहू नका. विधवेचं नाव वारसांत लागलंच पाहिजे. तो तिचा हक्क आहे, त्यात दिरांची मेहेरबानी नाही. हरकतींच्या नोटिशीची मुदत संपल्यावरही फेरफार पडून राहतो, ही गोष्ट संतापजनक आहे. तेव्हा तारीख लक्षात ठेवून मंडळ अधिकाऱ्याला विचारा.

सामायिक खात्यात बाकीच्यांचं संमतीपत्र मागतात. भाऊ पुण्याला कामाला असेल, तर दिवाळीत आला की सही घेऊन ठेवा. मक्त्यानं (ठरीव रकमेवर) किंवा बटईनं (वाट्यानं) वावर करणाऱ्याला मात्र थेट मदत मिळत नाही, कारण पैसे सातबाऱ्यावरच्या नावालाच येतात. मक्ता ठरवतानाच याची बोली करून घ्या.

यादीत विशिष्ट क्रमांक आला की सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण करा. ॲग्रिस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा) शेतकरी ओळख क्रमांक नसेल, तर तोही काढा. त्यानंतरही पैसे दिसले नाहीत, तर पासबुक घेऊन भांडण्याआधी आधार कोणत्या बँकेशी जोडलेला आहे ते पाहा. रक्कम त्याच खात्यात जाते. बँकेत केवायसी झाली म्हणजे खातं आधारशी जोडलं गेलं, असं नाही. तिथे 'डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधार जोडा' असं स्पष्ट सांगा.

केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या निकषांत कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि फळबागेला २२,५०० रुपये होते. दर किती आणि मर्यादा दोन हेक्टरची की तीन, हे त्या वर्षीच्या शासन निर्णयात पाहा. वावर खरडून गेलं किंवा गाळ साचला, तर त्याची मदत वेगळी असते. ते पंचनाम्यात वेगळं लिहून घ्या.

गाय-बैल दगावला, तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला दाखवल्याशिवाय पुरू नका. कानात बिल्ला नसेल तर भरपाई नाकारतात, म्हणून पावसाळ्याआधीच टॅगिंग करून घ्या. घर पडलं असेल, तर मलबा उचलण्याआधी फोटो काढा.

यादीत नाव नसेल, तर तोंडी सांगून परत येऊ नका. तहसीलदारांच्या नावे लेखी अर्ज द्या, सोबत सातबारा आणि फोटो जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.